मनाचे शास्त्र आणि आपली खेडी

(आष्टी, जि. वर्धा येथे विद्यार्थी व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



१६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीच्या भूमीवर सांडलेल्या रक्ताने या गावाचे नाव स्वातंत्र्याच्या इतिहासात कोरले. त्या काळी ज्यांच्या भजनांनी विदर्भातील खेडी जागी केली, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव नागपूर विद्यापीठाने २००५ साली धारण केले. त्या विद्यापीठाच्या पदवीकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, हा आजचा प्रश्न आहे.

मानसशास्त्र हा विषय आपल्या घरांतून फार हलका गणला जातो. 'दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही, म्हणून हा विषय घेतला,' असे पालक संकोचाने सांगतात. वस्तुतः भारतात या शास्त्राचा स्वतंत्र विभाग १९१६ सालीच कलकत्ता विद्यापीठात सुरू झाला. पुण्यात १९६२ साली डॉ. वि. वि. तथा आप्पासाहेब पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली, तेव्हा प्रज्ञावंत मुले शोधण्यासाठी त्यांनी मानसशास्त्रीय कसोट्यांचाच आधार घेतला.

मेंदुविज्ञान हे याच शास्त्राचे जुळे भावंड. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. परंतु केवळ पेशी मोजून माणूस कळत नाही. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या अपस्मारावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूचा काही भाग काढण्यात आला. झटके कमी झाले. पण नवी आठवण साठवण्याची शक्तीच लोपली. ब्रेंडा मिल्नर या विदुषीने वर्षानुवर्षे त्याचा अभ्यास केला. आरशात पाहून आकृती गिरवण्याचे काम तो दिवसेंदिवस अधिक सफाईने करी. मात्र हे काम आपण पूर्वी केले आहे, याचे त्याला स्मरण नसे. स्मृती एकच नसून तिचे अनेक प्रकार आहेत, हे त्यातून उमगले. शल्यविशारदाची सुरी आणि मानसशास्त्रज्ञाचा धीर एकत्र आले, म्हणून हे ज्ञान हाती लागले.

या विषयांची आपल्या खेड्यांना काय गरज, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर दूर नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवण्यात आला. गावातील साध्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी संवाद साधला. गरजूंना समुपदेशकांकडे व डॉक्टरांकडे पोहोचवले. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचा विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण घटले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. कर्ज, नापिकी आणि भाव यांचे प्रश्न समुपदेशनाने सुटत नाहीत, हे खरेच. परंतु ते सुटेपर्यंत माणूस तगला पाहिजे.

विद्यार्थ्यांनी काही गोष्टी नीट ध्यानी घ्याव्यात. मानसशास्त्रातील पदवी मिळाली म्हणजे उपचार करण्याचा अधिकार मिळाला, असे नव्हे. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातील मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि नोंदणी आवश्यक असते. मेंदुविज्ञानाकडे वळणाऱ्याने जीवशास्त्राची बैठक पक्की करावी. संख्याशास्त्राला भिणाऱ्याला दोन्ही वाटा अवघड. बंगळुरूची निम्हान्स किंवा मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र यांची दारे परिश्रमाने उघडतात. तेथे पोहोचण्यास गावाचे लहानपण आड येत नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगी किंवा मुलगा हा विषय मागत असेल, तर 'वेड्यांचे शास्त्र' म्हणून हेटाळू नका. आणि घरातील कोणी अबोल झाला, झोप हरवून बसला, तर त्यास 'मन घट्ट कर' एवढेच सांगून थांबू नका. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाण्यात लाज नसते. मन आजारी पडल्यावर तरी ती का असावी?

शेतकऱ्याचे दुःख त्याच्याच वऱ्हाडी बोलीत ऐकून घेणारा, आणि त्यामागचे शास्त्र जाणणारा जाणकार याच मातीतून घडायला हवा. आष्टीच्या तरुणांसाठी हे कार्य वाट पाहत आहे.