खुंटीवरचं दप्तर



माझी धाकटी बहीण सातवीत होती, मी दहावीत. शाळा एकच. एके दिवशी तिनं शाळेत जायचं नाही, असा हट्टच धरला. अम्मीनं खोदून विचारलं तेव्हा कळलं, की वरच्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत तिची वाट अडवतात, अंगाला हात लावतात. अब्बा शाळेत गेले. उत्तर मिळालं, ‘मुलं आहेत, मस्करी चालायचीच. मुलीला जरा जपून राहायला सांगा.’ आठवड्याभरात तिचं दप्तर खुंटीला लागलं, ते कायमचंच.

त्या मुलांपैकी दोघं माझ्या वर्गातले. त्यांची शाळा सुटली नाही. माझीही नाही. मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. आणि मला हे सगळं आधीच ठाऊक होतं, ते मात्र घरात कधी बोललो नाही.

आज कायदा आहे. २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना सारखंच संरक्षण देतो. लैंगिक हेतूनं केलेला पाठलाग, शेरेबाजीसुद्धा त्यात गुन्हा आहे. अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल, त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखानं दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलीचा जबाब तिच्या घरी घेता येतो, आणि तेव्हा पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं.

तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात दोन चिमुरड्यांच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी ताटकळावं लागलं. लोक रेल्वेरुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. कायद्यालाही जागं करावं लागतं, ते असं.

म्हणून घराघरांतल्या आई-वडिलांना माझी विनंती आहे. लेकरू सांगू लागलं, की आधी ऐकून घ्या. ‘तुझी चूक नाही’ आणि ‘तुझी शाळा बंद होणार नाही’, ही दोन वाक्यं त्याच वेळी बोला. मग १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक फिरवा.

आणि मुलांनाही जवळ बसवा. मुलीला ‘जपून राहा’ म्हणणारे पुष्कळ असतात. ‘तुझ्या वर्गात काय चाललंय? तू काय पाहिलंस?’ असं मुलाला कोण विचारतं? मला तेव्हा कोणी विचारलं असतं, तर कदाचित बहिणीचं दप्तर खुंटीवरून खाली आलं असतं.