तुटलेल्या पात्याचा सांधा

(हीरक महोत्सवानिमित्त शाळेत भरलेल्या हस्तव्यवसाय प्रदर्शनाच्या वेळी झालेल्या भाषणाची संहिता)



प्रदर्शनातील लाकडी खेळण्यांच्या आणि चौरंगांच्या वळणदार कडा पाहून अनेकांची बोटे सहज त्यांवरून फिरली असतील. अशी वळणे कापणारे यंत्र म्हणजे बँडसॉ, अर्थात पट्टा-करवत. एकाखाली एक बसवलेली दोन चाके आणि त्यांवरून धावणारे पोलादी पात्याचे अखंड कडे, एवढीच त्याची मूळ रचना. लाकडाच्या वखारीत ते अवाढव्य असते, तर हौशी कारागिराच्या घरी गॅरेजच्या कोपऱ्यात मावते. दोन्हीकडचे पाते केव्हा ना केव्हा तुटतेच. तुटलेले पाते भंगारात टाकणे सोपे असते. ते जोडायचे झाल्यास काय काय ठाऊक असावे लागते, हा या भाषणाचा विषय आहे.

या यंत्राचा इतिहास म्हणजे एका सांध्याचाच इतिहास होय. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनच्या विल्यम न्यूबेरी यांनी पट्टा-करवतीच्या कल्पनेचे पेटंट घेतले. कल्पना उत्तम होती. परंतु पात्याची दोन टोके जोडून केलेले कडे चाकांवर टिकत नसे. कधी पोलाद तुटे, कधी सांधा सुटे. ही अडचण दूर होण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. १८४६ मध्ये आन पोलँ क्रेपँ या फ्रेंच स्त्रीने पाते जोडण्याच्या आपल्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे पॅरिसच्या पेरँ कंपनीने तिचे हक्क विकत घेतले. त्यानंतर पट्टा-करवत खऱ्या अर्थाने कारखान्यांत आली. चाके, चौकट, दात हे सारे आधीच तयार होते. यंत्र खोळंबले होते ते बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशा एका जोडासाठी.

पाते तुटते का, हे समजण्यासाठी थोडे गणित पुरेसे आहे. घरगुती यंत्रावरील सुमारे अडीच मीटर लांबीचे पाते मिनिटाला ९०० मीटर वेगाने धावत असेल, तर त्याच्या ३६० फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत ते दोन चाकांवर दोनदा वाकते आणि दोनदा सरळ होते. म्हणजे मिनिटाला ७२० वेळा वाकणे आले! तार सारखी वाकवत राहिली की तुटते, तसेच पोलादही थकते. दोन दातांमधील खाचेच्या तळाशी केसाएवढी चीर पडते आणि ती हळूहळू पाठीकडे सरकते. दात बोथट झाले असता लाकूड जोराने रेटणे, ताण प्रमाणाबाहेर देणे, रुंद पात्याने फार लहान वळण कापणे, काम संपल्यावरही ताण तसाच ठेवणे, यांमुळे ते लवकर घडते.

म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी हत्यार उचलण्याची नसून पाहण्याची आहे. यंत्राची वीज तोडावी आणि चाके पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नये, कारण पाते तुटले तरी वरचे चाक काही काळ फिरत राहते. हातमोजे व चष्मा घालून पाते बाहेर काढावे आणि भिंगाखाली सर्व खाचा तपासाव्यात. तुटल्याची जागा एकच असेल किंवा जुना सांधाच सुटला असेल, तर पाते जोडण्याजोगे आहे. जागोजागी बारीक चिरा दिसत असतील, तर ते थकलेले पाते होय. त्याचा एक सांधा जोडला तरी ते उद्या शेजारी तुटेल.

घरी जोडण्यास साधे कार्बन पोलादाचे पाते योग्य. दोन्ही टोके काटकोनात कापून त्यांच्या कडा तिरप्या घासतात, म्हणजे एकावर एक बसल्यावर सांध्याची जाडी पात्याइतकीच राहते. अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीच्या पात्याला पाचसहा मिलिमीटर लांबीचा तिरपा उतार पुरतो. दातांमधील अंतर सांध्यावरही तेच राहील, इतके मोजून घ्यावे लागते. तेलाचा किंवा बोटांचा डाग राहिला तर डाख धरत नाही. म्हणून घासलेला भाग स्वच्छ करून त्यावर टाकणखाराचा लेप देतात. मग दोन्ही टोकांची पाठ एका सरळ लोखंडी पट्टीला टेकवून ती घट्ट धरतात. सांध्याखाली मोकळी जागा ठेवतात. नाहीतर पट्टीच उष्णता शोषून घेते. पाठ रेषेत नसेल तर प्रत्येक फेरीत पाते पुढेमागे उडते.

दोन टोकांच्या मध्ये चांदीमिश्रित डाखाचा पातळ पत्रा ठेवून गॅसच्या ज्योतीने सांधा तापवतात. साधारण ६५० ते ७०० अंश सेल्सिअसला, पोलाद मंद लाल दिसू लागताच, डाख वितळून सांध्यात पसरतो. तेथेच थांबायचे असते. कॅडमियमयुक्त डाखाचा धूर विषारी असल्याने तो डाख टाळावा आणि काम हवेशीर जागीच करावे.

नवशिक्याचा हात घाईने पाण्याच्या भांड्याकडे वळतो तो याच वेळी. लाल पोलाद पाण्यात बुडवले की कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. असा सांधा हातात भक्कम वाटतो आणि चाकावर पहिल्या काही फेऱ्यांतच मोडतो. यासाठी सांधा हवेत निवू देतात; तरीही पातळ पात्यात काठिण्य येऊ शकते. म्हणून तो भाग पुन्हा हळूवार तापवून, पोलादावर निळी झाक येताच, सावकाश निवू देतात. त्यानंतर वर आलेला डाख बारीक कानशीने घासून पात्याच्या जाडीशी सारखा करतात.

परीक्षा सोपी आहे. हातमोजे घालून पाते चाकाच्या गोलाईइतके वाकवावे. कमान सर्वत्र सारखी आली तर सांधा साधला. सांध्याजवळ ती सपाट राहिली तर तो भाग कठीण आहे. तेथे टोकदार बाक आला तर नरम आहे. सांधा पात्याहून बळकट असावा, ही समजूत चुकीची. तो उरलेल्या पात्याइतकाच लवचीक असावा लागतो. पुढे पाते यंत्रावर चढवून आधी हाताने फिरवावे, मग झाकण बंद करून, बाजूला उभे राहून, काही मिनिटे लाकडाविना चालवावे.

या दुरुस्तीला मर्यादाही आहे. प्रत्येक सांध्यात पात्याची काही मिलिमीटर लांबी जाते आणि वरचे चाक थोडेच खाली येऊ शकते. म्हणून जाणता कारागीर वहीत नोंद ठेवतो: पाते कधी तुटले, कोठे तुटले, कशामुळे तुटले. तिसऱ्यांदा तेच कारण दिसले, तर दोष पात्याचा नसून वापराचा आहे, हे ती वही सांगते.

पालकहो, कोठारी आयोगाने १९६६ मध्ये आपल्या अहवालात कार्यानुभवाला शालेय शिक्षणाचे अंग मानले, ते अशाच कामांत भूमिती, रसायन आणि विवेक एकत्र येतात म्हणून. परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातून पहिला जातो तो हाच तास, आणि पुष्कळदा पालकांच्याच आग्रहाने. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेत त्या तासाबरोबर आणखी काही जाते. कानस, पक्कड, डाख, टाकणखार हे शब्द मुलांना धड्यातून क्वचितच भेटतात. ते काम करणाऱ्या हातांबरोबर घरात येतात. काम थांबले की शब्दही अबोल होतात.

नापास झालेला पेपर, मोडलेले खेळणे, तुटलेले पाते घेऊन मूल घरी येते, तेव्हा त्याच्या हाती लगेच नवे देण्याची घाई नसावी आणि रागावण्याचीही नसावी. "कोठे तुटले आणि कशामुळे?" एवढे त्याच्याबरोबर बसून शोधावे. सर्वच पाती जोडता येणार नाहीत. कोणते जोडावे आणि कोणते ठेवून द्यावे, हे ओळखणारी नजर मात्र एकदा आली की जन्मभर उपयोगी पडते. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या हाती असे कौशल्य आहे, त्यांनी वर्षातून एखादा दिवस शाळेच्या कार्यशाळेत यावे. मुले त्यांची वाट पाहत आहेत.