‘कानून’ : साक्ष आणि सोयरीक

गाण्यांवाचून हिंदी बोलपट म्हणजे मिठावाचून जेवण, असे निर्माते व प्रेक्षक दोघेही फार काळ मानीत आले. अशा स्थितीत १९६० साली दिग्दर्शक बी. आर. चोप्रा यांनी ‘कानून’ हा बोलपट काढला व त्यात एकही गाणे ठेवले नाही. सलील चौधरींसारखा संगीतकार हाती असूनही त्यांच्याकडून केवळ पार्श्वसंगीत घेतले. कथा कोर्टात घडणारी. तेथे मध्येच कोणी गाऊ लागले असते तर तिचा सारा धाक ओसरला असता.

प्रारंभीच कालिदास नावाचा आरोपी पिंजऱ्यात उभा दिसतो. जीवन ह्या नटाने तो उभा केला आहे. गणपत नावाच्या इसमाचा खून केल्याचा आरोप त्याच्यावर आहे. परंतु ह्याच गणपतच्या खुनाबद्दल त्याने पूर्वी दहा वर्षे तुरुंगात काढलेली आहेत, आणि त्या वेळी गणपत जिवंत होता! झालेली शिक्षा परत घ्या, मग दुसरी द्या, असे त्याचे म्हणणे. कायद्याच्या कसोटीवर हा युक्तिवाद टिकण्यासारखा नाही. एकाच अपराधाबद्दल दोनदा शिक्षा होऊ नये असे राज्यघटनेचा विसावा अनुच्छेद सांगतो खरा. पण मुळात न घडलेला खून आणि पुढे खरोखर घडलेला खून हे एकच कृत्य नव्हे. तथापि बुडालेल्या दहा वर्षांची भरपाई कोणी करावयाची, ह्या प्रश्नापुढे कायद्याची पोथी मुकीच राहते.

त्यानंतर मुख्य कथानक सुरू होते. न्यायाधीश बद्रीप्रसाद म्हणजे अशोककुमार. त्यांची कन्या मीना (नंदा) हिचा विवाह कैलास (राजेंद्रकुमार) ह्या सरकारी वकिलाशी व्हावयाचा आहे. बद्रीप्रसादांचा चिरंजीव विजय एका सावकाराच्या कचाट्यात सापडतो. त्याला सोडविण्यासाठी कैलास रात्री सावकाराच्या घरी जातो, आणि तेथे आडोशाला राहून आपल्या भावी सासऱ्यांना त्या सावकाराचा खून करताना पाहतो. मागाहून चोरीसाठी शिरलेला कालिया हा फाटका चोर पकडला जातो. खटला चालतो तोही बद्रीप्रसादांपुढेच.

येथून चित्रपटाला खरी धार चढते. कैलासने तोंड उघडले तर मीनाच्या पित्याला फास लागणार. न उघडले तर कालियाला. गुरूसमान माणूस, ठरलेली सोयरीक, घराण्याची अब्रू हे सारे एका पारड्यात, आणि दुसऱ्यात कोणाच्याही खिजगणतीत नसलेला एक भुरटा. कैलास सरकारी वकिली सोडून त्या भुरट्याचे वकीलपत्र घेतो. तरीही डोळ्यांनी पाहिलेले सांगण्यास त्याची जीभ पुष्कळ दिवस रेटत नाही. ही दिरंगाई काही प्रेक्षकांना कंटाळवाणी वाटते. वास्तविक तीच ह्या कथेतील सर्वांत माणसासारखी गोष्ट आहे.

कालियाची भूमिका नाना पळशीकर ह्या मराठी नटाने केली. हातापायांना सुटलेला कंप, बोलताना आधीच मागितलेली क्षमा, आपल्यावर कोणी विश्वास ठेवील ही आशाच नसलेली नजर! ह्या कामाबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले व चोप्रांनाही दिग्दर्शनाचे मिळाले.

शेवट मात्र वादाचा झाला. खुनी बद्रीप्रसाद नसून त्यांच्यासारखा हुबेहूब दिसणारा दुसराच इसम निघतो. ही पळवाट आहे, असा आक्षेप घेतला जातो. आणि तो अगदीच खोटा नाही, कारण ह्या योगाने सोयरीकही वाचते व न्यायासनही निष्कलंक राहते. पण कैलासने शपथेवर सांगितलेले खोटे नव्हते. प्रामाणिक, सुशिक्षित, आरोपीवर प्रेम करणारा साक्षीदार. आणि त्याच्या साक्षीने एक निरपराध मनुष्य फासावर गेला असता. म्हणूनच फाशीच्या शिक्षेविरुद्ध त्याने केलेले भाषण चिकटवलेले वाटत नाही. पुढे १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने बच्चनसिंग खटल्यात ही शिक्षा वैध ठरवली, परंतु ती विरळातल्या विरळ प्रकरणांपुरती राखली.

रहस्य ठाऊक असलेला प्रेक्षक हा बोलपट दुसऱ्यांदा पाहतो, तेव्हा खुनाच्या प्रसंगाकडे डोळे ताणून बघतो. चेहऱ्यात कोठे फरक सापडेल ही त्याची अपेक्षा. फरक सापडत नाही. दोन्ही भूमिका अशोककुमारांच्याच आहेत.