आपल्याला कोण मोजतं?

(शहरी वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज रेडिओवर बोलायचं ठरलं तेव्हा तुमच्यातल्या दोघीतिघी म्हणाल्या, 'मारहाण, रेशन, झोपड्या पाडणं एवढे प्रश्न दारात असताना रेडिओ कशाला?' म्हणून आधी आमचाच अनुभव सांगते.

आमची संस्था शहरातल्या एका रेडिओ केंद्रावर दर बुधवारी दुपारी पंधरा मिनिटांचा कार्यक्रम करत असे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, पोटगी, रेशनकार्डावर बाईचं नाव अशी माहिती, तीही बायकांच्याच बोलीत. गुरुवारी आमच्या सल्ला केंद्रात एखादी तरी नवी बाई यायची आणि म्हणायची, 'रेडिओवर ऐकलं.' वर्षभराने अधिकाऱ्यांनी बोलावून सांगितलं, 'ताई, कार्यक्रम चांगला आहे, पण दुपारी श्रोतेच नाहीत. सकाळी साडेसहाला घ्या.' साडेसहाला वस्तीत नळाला पाणी येतं. त्या वेळी हंडा सोडून कोण ऐकणार? गुरुवारच्या बायका कमी झाल्या.

मग म्हणाले, 'प्रायोजक आणा.' तोही मिळाला. त्याची अट अशी की नवरा-बायकोच्या भांडणाचे विषय नकोत, पाककृती आणि सौंदर्याच्या टिपा द्या. आम्ही नाही म्हटलं आणि कार्यक्रम बंद पडला. त्यावर आजही आमच्यात दोन मतं आहेत. काहीजणी म्हणतात, पाककृतीत गुंडाळून का होईना, दोन गोष्टी सांगता आल्या असत्या. मला ते पटत नाही, पण त्यांचं म्हणणं मी सोडूनही देऊ शकत नाही.

त्या अधिकाऱ्यांना मी खलनायक ठरवत नाही. त्यांच्यामागे एक हिशेब होता. तो आपण कधी समजूनच घेतला नाही.

रेडिओवर जाहिरात नवी नाही. विविध भारतीवर १९६७ सालीच मुंबई, पुणे, नागपूरहून जाहिराती सुरू झाल्या. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला. मालमत्ता आपली ठरली, पण पुढे तिचे लिलाव झाले. २००१ साली बंगळूरला पहिलं खाजगी एफएम केंद्र सुरू झालं, २००२ साली मुंबईत. तेव्हा परवान्याचं शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत होतं, मग कमाई होवो न होवो. केंद्रं तोट्यात गेली. म्हणून २००५ साली धोरण बदललं आणि लिलावातल्या एकरकमी प्रवेश शुल्काशिवाय उत्पन्नातला वाटा घेणं सुरू झालं. तरी २०१५ च्या लिलावात मुंबईतल्या एका फ्रिक्वेन्सीची बोली १२० कोटी रुपयांच्या वर गेली. एवढे पैसे मोजून घेतलेल्या लहरीवर प्रत्येक दहा सेकंदांची किंमत वसूल करावी लागते. त्यात खाजगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची बंदी. दिवसभर सिनेमाची गाणी का वाजतात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

दहा सेकंदांचा भाव ठरतो श्रोत्यांच्या आकड्यावर. म्हणजे जी बाई आकड्यात नाही, तिच्या वेळेला भाव नाही, आणि ज्या वेळेला भाव नाही तिथे कार्यक्रम टिकत नाही. साखळी एवढी सरळ आहे.

हा आकडा येतो कुठून? २००७ साली एका मापन कंपनीने मुंबई, दिल्ली आणि बंगळूरमध्ये दर आठवड्याची मोजणी सुरू केली, पुढे कोलकात्यातही. प्रत्येक शहरात बारा वर्षांवरच्या ४८० माणसांना डायरी दिलेली असे. कोणतं केंद्र, किती वाजता, किती वेळ ऐकलं, हे त्यांनी लिहायचं. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या आसपास होती. तिच्यासाठी ४८० डायऱ्या!

नमुना लहान म्हणून तो खोटा, असं मी म्हणणार नाही. शितावरून भाताची परीक्षा आपणही करतो. संबंध शहराचा ढोबळ अंदाज ४८० जणांवरून येऊ शकतो. पण त्यातल्या निम्म्या बायका धरा, त्यातल्या वस्तीतल्या वेगळ्या काढा, त्यातल्या दुपारी घरी असणाऱ्या पाहा. हातात किती डायऱ्या उरतील? आणि शीत नेहमी वरचंच काढलं, तर तळाचा भात करपला की कच्चा राहिला, हे कळणार कसं?

शिवाय आपल्या बायका ऐकतात कशा? मालकिणीच्या स्वयंपाकघरात भांडी घासताना, शेजारणीचा रेडिओ भिंतीपलीकडून, पापड लाटताना. संच तिचा नसतो, केंद्र दुसऱ्याने लावलेलं असतं. अशा ऐकण्याची नोंद डायरीत कोण करणार?

मोजमापाचं हे राजकारण आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत २००८ साली न्यूयॉर्कमध्ये डायरीऐवजी अंगावर बाळगायचं एक यंत्र आणलं. नव्या मोजणीत कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक श्रोत्यांच्या केंद्रांचे आकडे एकदम घसरले. लोकांनी कान फिरवले होते का? केंद्रांचं म्हणणं होतं, यंत्र देण्यासाठी माणसं निवडतानाच हे समाज नीट घेतले गेले नाहीत. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी कंपनीला कोर्टात खेचलं. जानेवारी २००९ मध्ये तडजोड झाली आणि नमुन्यातल्या त्रुटी सुधारण्याचं कंपनीला कबूल करावं लागलं. मोजपट्टीलाही जाब विचारता येतो, एवढं आपण यातून घ्यायचं.

आपल्यापुढे दुसरी वाट आहे ती सामुदायिक रेडिओची. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना असं केंद्र काढता येतं. म्हसवडला माणदेशी भगिनींनी ते चालवून दाखवलं, तेलंगणात पस्तापूरच्या दलित बायकांनी. शहरातही परवानगी आहे. पण पैशाची ओढाताण तिथेही आहेच. पूर्वी तासाला सातच मिनिटं जाहिरात घेता येई. २०२४ च्या नियमांनी बारा मिनिटांची मुभा दिली, आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये केला. त्याच नियमांत असंही आहे की केंद्राच्या सल्लागार व आशय समितीत निम्म्या तरी स्त्रिया हव्यात. या जागा कागदावर भरल्या जातील, कुणाच्या तरी सुनेच्या किंवा बायकोच्या नावाने. तिथे आपण जाऊन बसलं पाहिजे.

शेवटी तीन कामं सुचवते.

पहिलं, प्रत्येक सल्ला केंद्रात एक वही ठेवायची. येणाऱ्या बाईला विचारायचं, 'आमच्याबद्दल कुठे कळलं? रेडिओ ऐकता का? किती वाजता, कुठे, कुणाचा?' आमची चूक इथेच झाली. गुरुवारी बायका येत होत्या, पण आमच्याकडे नोंद नव्हती. 'श्रोते नाहीत' म्हटल्यावर आम्ही गप्प बसलो. वहीतला आकडा म्हणजे सबंध शहराची मोजणी नव्हे, हे मान्य. पण दुपारी कुणी ऐकत नाही, हे म्हणणं खोडायला तो पुरेसा आहे.

दुसरं, कार्यक्रमाची वेळ बदलली तर केंद्राला लेखी विचारायचं: आकडा कुठला, किती बायकांना विचारलं, त्यात वस्तीतल्या किती?

तिसरं, प्रायोजकाच्या कोणत्या अटी चालतील आणि कोणत्या नाहीत, हे प्रस्ताव येण्याआधीच बैठकीत ठरवायचं. आम्ही घाईत ठरवलं, म्हणून अजून भांडतो आहोत.

वहीचा नमुना मी आणला आहे. जेवणाच्या सुट्टीत बघा, आणि काय कमी आहे ते सांगा.