एकाच रस्त्यावरच्या दोन निर्याती



बंगळुरूहून होसूरकडे जाताना, शहराच्या मध्यापासून अठरा-वीस किलोमीटरवर कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर ही गावं लागतात. 1970च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटक सरकारच्या ‘केऑनिक्स’ महामंडळानं तिथली सुमारे 330 एकर जमीन इलेक्ट्रॉनिक उद्योगांसाठी राखली. महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांची ही कल्पना. आज इलेक्ट्रॉनिक सिटी म्हणून जग ओळखतं ती हीच वसाहत.

ती आपोआप भरभराटीला आली, असं मात्र कुणी समजू नये. 1984च्या संगणक धोरणानं संगणकांच्या आयातीची वाट मोकळी केली. पुढच्याच वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं बंगळुरूत केंद्र काढलं. 1991मध्ये एसटीपीआय ही सॉफ्टवेअरच्या निर्यातीसाठीची सरकारी संस्था उभी राहिली. निर्यातदाराला उपग्रहाचा दुवा तिनं दिला, यंत्रसामग्री करमुक्त आणू दिली आणि परवानग्यांसाठी दहा दारं झिजवण्याची वेळ येऊ दिली नाही. नफ्यावर प्राप्तिकराची सवलत होती, ती थेट 31 मार्च 2011पर्यंत चालली. पुण्यात 1981 साली सुरू झालेली इन्फोसिस 1983मध्ये बंगळुरूला गेली आणि पुढे तिचं मुख्यालय इलेक्ट्रॉनिक सिटीतच आलं. जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी 1998मध्ये ठरवलं की तारेवरून जाणाऱ्या डिजिटल मालावर सीमाशुल्क लावायचं नाही. त्या ठरावाला पुढे पुन्हापुन्हा मुदतवाढ मिळाली. थोडक्यात, या निर्यातीच्या पाठीशी सरकार खंबीरपणे उभं राहिलं. त्याचं फळही मिळालं: कोल्हापूर-बेळगाव-सोलापूरच्या साध्या घरांतली कितीतरी मुलं-मुली या वसाहतीत नोकरीला लागली.

पण याच होसूर रस्त्यावर, शहराच्या बाजूला बोम्मनहळ्ळीच्या आसपास, दुसरी एक निर्यात चालते. ती तयार कपड्यांची. बंगळुरूच्या कपडे कारखान्यांत काही लाख माणसं काम करतात आणि त्यांत बहुसंख्य बायका आहेत. कित्येक जणी कर्नाटकातल्या कोरडवाहू खेड्यांतून आलेल्या. कारखान्यात शर्ट एकटी बाई शिवत नाही. कॉलर एकीनं करायची, कफ दुसरीनं, बाही तिसरीनं जोडायची. काजं-बटणं, दोरे कापणं, तपासणी असं करत कपडा पुढे सरकतो. दर तासाला किती नग व्हायला हवेत ते ठरलेलं असतं. एका मशीनपाशी काम तुंबलं की पुढच्या साऱ्या जणी खोळंबतात. पाणी प्यायला उठतानाही बाईला हिशेब करावा लागतो.

या मालाला सीमेवर कर लागतो. 2005च्या आरंभी कपड्यांच्या व्यापारातला जुना कोटा संपला आणि जगभरच्या कारखान्यांत भावाची चढाओढ लागली. बांगलादेशच्या कपड्याला 2001पासून युरोपात शून्य कर होता. भारतीय कपड्यावर मात्र तो वर्षानुवर्षं द्यावा लागला. ती तूट निर्यातदार कुठून भरून काढणार? बऱ्याचदा मजुरीतून.

एप्रिल 2016मध्ये या बायका रस्त्यावर उतरल्या. नोकरी सोडल्यावर भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा 58व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नियम केंद्र सरकारनं त्या फेब्रुवारीत काढला होता. कागदावर हेतू चांगला होता, म्हातारपणाची सोय. पण पाठ आणि डोळे गेल्यावर इतकी वर्षं मशीनवर कोण टिकणार? मुलीची फी, घरातलं आजारपण, गावाकडचं कर्ज, सगळं त्या पैशावर अवलंबून असतं. 18 आणि 19 एप्रिलला हजारो कामगार बायकांनी रस्ता रोखला. कुठल्याही संघटनेनं हाक दिली नव्हती. दगडफेक झाली, बसगाड्या जळाल्या, लाठ्याही चालल्या. 19 तारखेलाच केंद्रानं नियम मागे घेतला. देशभरच्या भविष्यनिर्वाह निधीधारक कामगारांना लागू असलेला नियम बंगळुरूच्या शिवणकामगार बायकांनी दोन दिवसांत फिरवला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

विकासाचा वाटा सगळ्यांना मिळावा, असं सरकारं नेहमी म्हणतात. व्यापार करार त्यासाठी लागतातच. 24 जुलै 2025ला भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या आणि भारतीय कपड्यांवरचा आयातकर काढायचं ब्रिटननं मान्य केलं. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र वाचलेल्या करातला किती भाग परदेशी खरेदीदार भाव पाडून घेईल, किती कारखानदाराकडे राहील आणि किती मशीनवरच्या बाईच्या पगारात उतरेल, याचा निकाल लंडनमध्ये लागत नाही. तो बंगळुरूत लागतो. किमान वेतन वेळेवर सुधारतं का? तीसहून अधिक बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर हवं, असं कारखाना कायदा 2025पर्यंत सांगत होता; ते खरोखर चालतं, की तपासणीपुरतं उघडतं? संगणकवाल्यांसाठी जी तत्परता सरकारनं दाखवली, तीच इथे दाखवायला हवी होती.

प्रवासाचंच पाहा. जानेवारी 2010मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत जवळजवळ दहा किलोमीटरचा उड्डाणपूल झाला. टोल भरून मोटारी वरून झपाट्यानं जाऊ लागल्या. बोम्मनहळ्ळीच्या कारखान्यांतल्या बायका खालच्या गर्दीत बसची वाट बघत राहिल्या. त्यांच्या हातात पैसे उरले ते जून 2023पासून, ‘शक्ती’ योजनेत राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला तेव्हा. या योजनेवर फुकटेपणाची टीका बरीच झाली. पण तुटपुंज्या पगारातून महिन्याचा बसपास वजा होणं थांबलं, तर ती जवळपास पगारवाढच असते, आणि ती निर्यात करणाऱ्या कामगाराला मिळते. संगणक कंपन्यांना दिलेल्या करसवलतींना कुणी फुकटेपणा म्हटलं नव्हतं.

10 ऑगस्ट 2025ला मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र हे एकोणीस किलोमीटर जाताना ती बोम्मनहळ्ळीलाही थांबते, इलेक्ट्रॉनिक सिटीलाही. कोनप्पन अग्रहार स्थानकासाठी इन्फोसिस फाउंडेशननं पैसे दिले. दोन्ही निर्यातींमधली माणसं एका डब्यात बसू शकतील अशी ही पहिली सोय. फक्त ‘शक्ती’ मेट्रोत चालत नाही. कपडे कारखान्यांच्या कामगारांसाठी सवलतीचा मासिक पास काढणं राज्य सरकारला आणि मेट्रो महामंडळाला अवघड नाही. खर्चात निर्यातदारांनीही वाटा उचलावा, आणि ब्रिटनच्या कराराचा फायदा हाती येऊ लागेल तेव्हा हा पास पहिल्या मागण्यांत असावा.