पत्ता एक, वाटा दोन

सोमेश्वरनगरास पत्र धाडतांना आपण आधीं गांव, मग तालुका, मग जिल्हा लिहितों. संगणकावरील फाईलचा पत्ता मात्र उलटा चालतो: आधीं यंत्राचें नांव, मग फोल्डरचें, शेवटीं फाईलचें.

ह्या नांवांमध्यें युनिक्सनें उजवीकडे झुकलेली रेघ घातली. १९८३ सालीं डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीस फोल्डर आले, तेव्हां ती रेघ आज्ञेचे पर्याय सांगण्यांत आधींच गुंतलेली होती. म्हणून तेथें डावीकडे झुकलेली रेघ आली. विंडोजनें तीच पुढें चालविली. तेथें शेजारच्या यंत्राचा पत्ता अशा दोन रेघांनीं सुरू होतो. लिनक्समध्यें तो फोल्डर बहुधा आधीं आपल्या फोल्डरांच्या वृक्षास जोडून घ्यावा लागतो. शिवाय रोमन लिपींतील मोठें व लहान अक्षर विंडोज सहसा एकच मानतें, लिनक्स भिन्न मानतें.

एकदां मीं लिहून दिलेला निकालपत्रकाचा विंडोजचा पत्ता लिनक्सच्या यंत्रावर उघडेना. एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्यापायीं अखेरच्या दिवसाच्या सायंकाळपर्यंत अडला. दोष यंत्राचा नव्हता, माझ्या गृहीताचा होता.

तेव्हांपासून मी नांवें लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडतां लिहितों, आणि पत्ता देण्यापूर्वीं विचारतों, "आपलें यंत्र कोणतें?"