चांदीतला खांब



मुलगा उद्या कारखान्यातच जाणार, मग भूमिती आणि इतिहास त्याच्या काय कामाचा, असा प्रश्न पुष्कळ पालक विचारतात. उत्तरादाखल अठराव्या शतकातील इंग्लंडचे एक चांदीचे शमादान आपल्यापुढे ठेवतो.

हे शमादान म्हणजे एक छोटा खांबच. खाली चौकोनी जोते, मध्ये उभ्या पन्हळींचा स्तंभ, वर अ‍ॅकँथस या झाडाच्या पानांचे शीर्ष आणि त्यावर मेणबत्तीची खोबण. ही ग्रीक-रोमन वास्तुकलेतील कोरिंथियन पद्धत. मुंबईच्या टाऊन हॉलचे दर्शनी खांब याच घराण्यातील, पण अधिक साध्या डोरिक पद्धतीचे.

देवळाचा खांब जेवणाच्या टेबलावर आला कसा? १७३८ मध्ये हर्क्युलेनियम व १७४८ मध्ये पाँपेई येथे उत्खनन सुरू झाले. रॉबर्ट अ‍ॅडम इटलीतील अवशेष अभ्यासून १७५८ मध्ये परतला. स्टुअर्ट आणि रेव्हेट यांनी अथेन्सच्या प्राचीन इमारती मोजून त्यांची रेखाटने १७६२ पासून प्रसिद्ध केली. अशा रेखाटनांमुळे जुने आकार कारखान्यांत पोहोचले. शेफील्ड आणि बर्मिंगहॅमचे कारागीर पोलादी ठसे कोरीत, त्यांवर चांदीचा पातळ पत्रा ठोकीत, तुकडे डाखून जोडीत आणि आत राळ भरीत. थोड्या चांदीत भरीव दिसणारा खांब तयार होई. हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी असल्याची खात्री छापावरून पटे. तो छाप आपल्या गावीच मिळावा म्हणून बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने खटपट केली आणि १७७३ मध्ये दोन्ही शहरांना तपासणी कचेऱ्या मिळाल्या.

आमच्या भगिनींसाठी एक नाव सांगतो : लंडनची हेस्टर बेटमन. पती वारल्यावर तिने १७६१ मध्ये स्वतःची कारागीर-मुद्रा नोंदवली आणि १७९० पर्यंत कारखाना सांभाळला. कलशाचे घाट आणि काठाला बारीक मण्यांची ओळ ही तिच्या कारखान्याच्या भांड्यांची ओळख.

दगडी खांब छताचा भार पेलतो. चांदीचा खांब फक्त एक ज्योत. तरीही जोते, स्तंभ आणि शीर्ष यांचे प्रमाण बिघडले तर तो डोळ्यांना खटकतो. ते प्रमाण कुणीतरी मोजले, कागदावर काढले, म्हणून ठसा कोरणाऱ्याच्या हाती आले.

तेव्हा पालकहो, मुलाला हुन्नर अवश्य शिकवा, पण त्यासाठी शाळा सोडवू नका. मुलांनो, घरातले जुने भांडे हाती घ्या, मोजा, वहीत काढा. हाताला पुस्तकाची जोड मिळाली, म्हणजे कारागीर नुसता नकलाकार राहत नाही.